मुंबईच्या पार्लरमधलं क्लीन-अप: काय काढू द्यावं, कशाला हात लावू देऊ नये

दादरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही पार्लरचं रेटकार्ड बघा, वॅक्सिंग आणि फेशियलच्या मध्ये क्लीन-अप असतंच. अर्धा-पाऊण तासाचं काम. गल्लीतल्या पार्लरमध्ये साधारण 400 ते 700 रुपये, मॉलमधल्या चेनमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट. फेशियलपेक्षा स्वस्त, म्हणून लोक याला फेशियलची छोटी आवृत्ती समजतात. प्रत्यक्षात दोन्हींतला कामाचा भाग एकच, ब्लॅकहेड काढणं. फेशियलमध्ये वर मसाज आणि दोन-तीन जास्तीचे पॅक, एवढाच फरक.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नाक, हनुवटी आणि कपाळावर ब्लॅकहेड असतील आणि चेहऱ्यावर दुसरं काही चालू नसेल, तर क्लीन-अप पैसे वसूल आहे. पाचपैकी चार गुण. वांग, काळी मान, पुळ्या, चामखीळ यांच्यासाठी जाल तर शून्य, आणि कधी कधी शून्याच्याही खाली. कारण चेहऱ्यावर जे उंचवटे आणि डाग दिसतात, त्यातले बहुतेक दाबून, घासून किंवा ब्लीच करून जाणारे नसतातच. पार्लर पारखायचं ते तिथली बाई कशाला हात लावायला नकार देते यावरून.

पहिली पाच मिनिटं

आडवं केल्या केल्या स्क्रब फासायला सुरुवात झाली तर तिथेच एक गुण कापा. आधी साध्या क्लीन्सरने मेकअप, सनस्क्रीन उतरवायचं, चेहरा टिपायचा आणि भिंगाच्या दिव्याखाली बघायचं. पिवळ्या बल्बखाली डोळ्याखालचे दाणे आणि गालावरचे बंद व्हाइटहेड वेगळे ओळखूच येत नाहीत.

बघता बघता काही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. रात्री कुठलं क्रीम लावता? ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलिन लावत असाल तर वरची कातडी आधीच नाजूक झालेली असते. ते क्रीम पाच ते सात दिवस आधी थांबवलं नसेल तर स्क्रबने आग होते, आणि वरच्या ओठावर वॅक्स लावलं तर मेणाबरोबर कातडीही निघते. पुळ्यांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर चेहऱ्याचं वॅक्सिंग नकोच, गोळ्या संपल्यावरही काही महिने नको. ओठावर तापाचे फोड आले आहेत का? असतील तर खपली पडून जाईपर्यंत गिऱ्हाइकाला परत पाठवायचं, कारण तो हर्पिस आहे आणि टॉवेल-बोटांवरून पसरतो. पेसमेकर आहे का, गरोदर आहात का? मग निळ्या-जांभळ्या प्रकाशाची हाय-फ्रिक्वेन्सी कांडी वापरायची नाही. हे विचारायला दोन मिनिटं लागतात. न विचारणारं पार्लर कितीही चकाचक असलं तरी आम्ही शिफारस करणार नाही.

स्क्रब आणि वाफ

स्क्रब दोन-तीन मिनिटं, बोटांच्या पेरांनी, जोर न लावता. अक्रोडाच्या टरफलाचा भरड स्क्रब गालावर गोल गोल रगडणं ही जुनी खोड अजून गेलेली नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा त्रास असा की ती सुजली, खरचटली की त्या जागी काळा डाग धरते आणि तो पुसट व्हायला महिने घेते. डॉक्टर याला पोस्ट-इन्फ्लमेटरी हायपरपिगमेंटेशन म्हणतात. पार्लरमध्ये यालाच टॅन म्हणतात आणि पुढच्या खेपेला डी-टॅन विकतात.

वाफेने रंध्रं उघडतात, हे तर पार्लरचं लाडकं वाक्य. रंध्राला उघडझाप करायला स्नायूच नसतो. वाफ वरचा थर मऊ करते आणि आतला मेणचट ऐवज थोडा सैल करते. त्यासाठी फूट-दीड फुटावरून पाच ते सात मिनिटं पुरतात. पंधरा मिनिटं वाफेत कोंडून ठेवलं तर हाती येते फक्त लाली. वांग असलेल्या बाईला तर वाफ द्यायचीच नाही, उष्णतेने वांग गडद होतो. तिच्यासाठी कोमट ओला नॅपकिन दोन मिनिटं ठेवला की झालं.

खरं काम: ब्लॅकहेड

ब्लॅकहेड म्हणजे मळ साचलेला नसतो. केसाच्या मुळाशी तेल आणि मेलेल्या पेशी यांचं बूच बसतं, त्याचं तोंड उघडं असल्याने हवेशी संबंध येतो आणि रंगद्रव्यामुळे ते काळं दिसतं. म्हणून साबणाने कितीही धुतलं तरी जात नाही.

काढायची रीत बघण्यासारखी असते. हातात ग्लव्हज. दोन्ही तर्जन्यांना टिश्यू गुंडाळलेला, किंवा स्टीलचं लूप. लूप अशा तऱ्हेने टेकवायचं की काळा ठिपका बरोबर मधोमध येईल. आधी सरळ खाली हलका दाब, मग किंचित पुढे सरकवायचं. तांदळाच्या कणीएवढं बूच सगळंच्या सगळं बाहेर येतं, वरून काळपट आणि खाली पिवळसर. दोनदा दाबून आलं नाही तर सोडून द्यायचं. तिसऱ्यांदा दाबलं की बूच वर न येता भिंत आत फुटते, तेल आजूबाजूच्या मांसात उतरतं आणि चार दिवसांनी तिथे मोठी दुखरी पुळी उभी राहते. क्लीन-अपनंतर पुळ्या आल्या अशी तक्रार करणाऱ्यांचं बहुतेकदा हेच झालेलं असतं. नखाने दाबणारी, नाहीतर डोक्यातली पिन काढून टोचणारी बाई दिसली की उठावं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांच्या वर दाबादाबी नको.

नाकावरच्या त्या बारीक, एकसारख्या अंतरावरच्या करड्या ठिपक्यांचं मात्र वेगळं आहे. दाबलं की शेवयांसारखे पांढरट धागे निघतात आणि बघणाऱ्याला समाधान वाटतं. पण ते ब्लॅकहेड नाहीत. तेल वर आणणाऱ्या नळ्यांचं ते नेहमीचं अस्तर आहे, महिन्याभरात पुन्हा भरतं. तुमचं नाक फारच खराब आहे, दर पंधरा दिवसांनी या, असं सांगणारं पार्लर याच धाग्यांवर चालतं. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे.

बंद व्हाइटहेड हे अर्धवट पार्लरचं काम, अर्धवट डॉक्टरांचं. एक ते दोन मिलिमीटरचे, कातडीच्याच रंगाचे उंचवटे. कातडी ताणून बाजूने उजेड पाडला तरच दिसतात. याला तोंडच नसतं, त्यामुळे आधी निर्जंतुक सुईच्या टोकाने वरचं पापुद्र्याएवढं कातडं उघडावं लागतं. ती सुई, 26 नंबरची, तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि लगेच सुयांच्या डब्यात गेली पाहिजे. तशी सोय नसेल तर व्हाइटहेड राहू द्या. गालभर असतील तर डॉक्टर रात्री लावायला अ‍ॅडापलिन 0.1 टक्के देतात. आठ ते बारा आठवडे धीर धरावा लागतो, सुरुवातीला कातडी सुटते. पण पुन्हा पुन्हा दाबत बसण्यापेक्षा बरं.

"ताई, तेवढं हेही काढून टाका ना"

घोटाळा इथे सुरू होतो. डोळ्याखालचे कडक पांढरे दाणे म्हणजे मिलिया, आत केराटिनची, म्हणजे कातडीच्या कडक प्रथिनाची, बंद गोळी. वाफेने मऊ होत नाहीत, दाबून निघत नाहीत. डॉक्टर सुईने छेद देऊन एका मिनिटात काढतात. त्याच जागी, दोन्ही डोळ्यांखाली सारखेच पसरलेले, चपटे, कातडीच्याच रंगाचे दाणे असतील तर ते सिरिंगोमा. घामाच्या नळीची निरुपद्रवी वाढ, आत काढण्यासारखं काहीच नाही. कातडी ताणून बघा: मिलिया पांढरा चमकतो, सिरिंगोमा कातडीतच मिसळतो. पापणीजवळची कातडी कागदासारखी पातळ असते, तिथे लूप दाबलं तर निळं-काळं पडण्याखेरीज काही होत नाही.

गालावर, कानशिलाजवळ पस्तिशीनंतर वाढत जाणारे काळे-तपकिरी बारीक मस, आईला असतात तसेच मुलीला, हे डीपीएन (डर्मटोसिस पॅप्युलोसा नायग्रा). दिसायला ब्लॅकहेडसारखे वाटले तरी ते कातडीवर वाढलेले असतात, कातडीत अडकलेले नसतात. कॉटरीने (विजेच्या उष्णतेने जाळून) किंवा लेझरने निघतात, पण डॉक्टरकडे. पार्लरमधल्या पेनसारख्या जाळायच्या यंत्राला खोली कळत नाही. जरा जास्त आत गेलं की तिथे पांढरा किंवा काळा डाग कायमचा.

मानेवर, काखेत लोंबणारे मऊ स्किन टॅग केसाने बांधणं किंवा चुना-सोडा लावून जाळणं अजून चालतं. चुना हा अल्कली आहे, तो आजूबाजूची चांगली कातडीही जाळतो, आणि ज्यांना जखमेवर गाठ धरायची सवय असते त्यांना टॅगपेक्षा मोठा व्रण देऊन जातो. वर एक महत्त्वाची गोष्ट दडून राहते. मानेवर अचानक बरेच टॅग आले असतील तर साखर तपासायला हवी.

खरी चामखीळ विषाणूची. तिची चपटी जात कपाळावर, भुवयांशी असते: टाचणीच्या डोक्याएवढे, गुळगुळीत, किंचित तपकिरी उंचवटे. त्यावरून दोरा किंवा रेझर फिरला की विषाणू पुढे पेरला जातो आणि काही आठवड्यांनी दोऱ्याच्या रेषेत ओळीने नवे उंचवटे येतात. ओळ दिसली की थ्रेडिंग थांबवायचं. मोलस्कमचंही तसंच. मोत्यासारखा चमकदार दाणा, मधोमध खळगा. पुळी समजून दाबतात, पांढरं चीजसारखं काहीतरी निघतं, आणि त्यात विषाणूच भरलेला असतो. त्याच बोटांनी पुढचा गाल चोळला की आठ-दहा दाणे नवे.

पुळ्या

लाल, दुखऱ्या, पू भरलेल्या पुळ्या असताना क्लीन-अप नको, मसाज तर अजिबात नको. क्रीम लावून वीस मिनिटं चोळल्याने तेल खोल जातं आणि काही आठवड्यांनी गालावर, जबड्याशी खोलवर गाठी उठतात. तेव्हा कुणाला फेशियल आठवत नाही, दोष पिझ्झाला जातो.

मुंबईत आणखी एक प्रकार फार दिसतो आणि फार चुकतो. कपाळ, केसांची रेघ, छाती आणि पाठ यांवर एकाच आकाराचे, खाजणारे बारीक दाणे. ब्लॅकहेड एकही नाही. ही साधी मुरमं नाहीत. केसांच्या मुळाशी राहणाऱ्या मॅलासेझिया या यीस्टची ही करणी, आणि आपला दमट उकाडा, घामट हेल्मेट, डोक्याला थापलेलं तेल तिला मानवतं. अँटिबायोटिक घेतलं की उलट वाढते. स्क्रबने फक्त खाज वाढते. इलाज बुरशीविरोधी औषधाचा. ओळखायची खूण एकच लक्षात ठेवा: मुरमं लहानमोठी असतात आणि दुखतात, हे सगळे एकसारखे असतात आणि खाजतात.

नाकपुडीच्या बाजूला आणि भुवयांत पिवळसर तेलकट पोपडे असतील तर तो सेबोरिक डर्माटायटिस, म्हणजे चेहऱ्यावर उतरलेला कोंडाच. कातडी कोरडी आहे म्हणून रगडून पोपडे काढतात आणि दुसऱ्या दिवशी जागा लालबुंद होते.

काळपट मान आणि वांग

क्लीन-अपच्या जोडीला सर्वांत जास्त विकली जाणारी गोष्ट म्हणजे नेक ब्लीच. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाड काळी कातडी असेल तर त्याचं नाव अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स. मळ नाही, उन्हाचा रंगही नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्याने कातडीच्या पेशी वाढतात. घासून घासून ती आणखी जाड होते. वजन उतरलं, साखर ताब्यात आली की हळूहळू निवळते. डी-टॅनच्या चार बैठकांचे पैसे एचबीए1सीच्या, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ताच्या, तपासणीत घाला. मुलीची मान काळी म्हणून शेजारीपाजारी बोलतात आणि तिला ब्लीचला नेलं जातं, त्याऐवजी पाळी नियमित येते का हे आधी विचारा. पीसीओएसमध्ये, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोनच्या बिघाडात, हे बऱ्याचदा दिसतं.

ब्लीचबद्दल एवढंच: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाची पावडर केसाचा रंग उडवते, कातडीचा नाही. चेहरा उजळ दिसतो तो लव सोनेरी झाल्यामुळे. चुरचुरायला लागलं की लगेच धुवायचं. 'थोडं सहन करा, मॅडम' हे वाक्य ऐकून पडून राहू नका.

गालांवरच्या, वरच्या ओठावरच्या वांगावर पार्लरकडे इलाज नाही. त्याचा पाया सनस्क्रीन, तेही रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं, कारण वांग दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो. आणि पार्लरच्या काउंटरवरून हातात पडणारी नावगाव नसलेली गोरं करणारी डबी घेऊच नका. त्यात बहुधा मोमेटासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा चमकतो. पुढे कातडी पातळ होते, लाल नसांचं जाळं दिसतं, गालावर लव वाढते, पुळ्या उठतात, आणि क्रीम बंद केलं की आग आग होते म्हणून माणूस पुन्हा लावतो. हीच क्रीमं गजकर्णावर लावली तर खाज शमते, रिंगण पुसट होतं आणि बुरशी खाली पसरत राहते. हल्ली गजकर्ण लवकर बरं होत नाही, त्याला या क्रीमांचाही मोठा हातभार आहे. जांघेत किंवा कमरेला रिंगण असलेल्या गिऱ्हाइकाला वॅक्स करणारं पार्लर तोच टॉवेल पुढच्याला देत असतं, हेही ध्यानात असू द्या.

दोरा, टॉवेल, हत्यारं

थ्रेडिंग करताना दोऱ्याचं टोक दातात धरायची पद्धत कित्येक ठिकाणी अजून आहे. मानेभोवती बांधायची पट्टी मिळते, दोरा त्यात अडकवता येतो. तोंडातला दोरा तुमच्या भुवईच्या उघड्या मुळांवर फिरतो तेव्हा जंतूंची सोय आपसूकच होते. जिथे दोरा दातात, तिथे थ्रेडिंगला आमच्याकडून एकच गुण. कोड असलेल्यांनी आणखी जपावं, ओढल्या गेलेल्या जागी नवा पांढरा डाग येऊ शकतो.

निळ्या दिव्याच्या कपाटात लूप ठेवलं म्हणजे निर्जंतुक झालं, असं नाही. अतिनील प्रकाश फक्त समोरच्या पृष्ठभागावर पडतो, लूपच्या वळणाआड पोचत नाही आणि रक्त-तेलाच्या थराखालीही नाही. हेपटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. हत्यार आधी साबणाने ब्रशने घासायचं, मग ऑटोक्लेव्ह: 121 अंश सेल्सिअस, 15 पौंड दाब, किमान 15 मिनिटं. प्रेशर कुकरएवढा छोटा ऑटोक्लेव्ह कोपऱ्यात दिसला तर खुशाल बसा.

डाग लपवण्याआधी

पाठीवर, मानेवर, दंडावर फिकट ठिपके, नखाने खरवडलं की भुसा पडतो, ते शिबं. दमट हवेत वाढतात, केटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाने जातात, रंग भरून यायला मात्र महिने लागतात. बुरशी मेली तरी डाग दिसतो म्हणून लोक औषध पुन्हा पुन्हा लावत बसतात. दुधासारखा पांढरा, कडा स्पष्ट, भुसा नाही, तर कोड. टिकलीच्या जागी पांढरं पडलं असेल तर आधी चिकटणारी टिकली बंद करा. तिच्या गोंदातल्या रसायनाने रंगपेशी मरतात.

फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि कापसाचं टोक फिरवल्यावर तिथे कळत नसेल, घाम येत नसेल, तर पार्लरने क्रीम लावू नये आणि तुम्ही कन्सीलर. कुष्ठरोगाची शक्यता तपासून घ्यायची. वेळेत उपचार झाले तर तो पूर्ण बरा होतो, औषधं मोफत मिळतात, आणि वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ रुग्णालय 1890 पासून याच आजारासाठी उभं आहे. केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. केसपेपर काढायला रांग लागते, पण तपासणारा डोळा सरावलेला असतो. महिन्याभरात न भरणारा फोड, किंवा आकार, रंग, कडा बदलणारा तीळ, विशेषतः तळपायावरचा किंवा नखाखालचा, यासाठीही तिथेच.

घरी गेल्यावर

नाकावरची लाली काही तासांत उतरायला हवी. त्या दिवशी मेकअप नाही, स्विमिंग नाही, वर हळद-लिंबाचा लेप तर नाहीच. लिंबाच्या रसाने आणि उन्हाने मिळून कातडी भाजते. रात्री साधं मॉइश्चरायझर, दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना सनस्क्रीन. आधी थांबवलेलं ट्रेटिनॉइनसारखं रात्रीचं क्रीम दोन-तीन दिवसांनी पुन्हा सुरू करा. लाली दुसऱ्या दिवशीही असेल किंवा पाणी सुटत असेल तर काहीही न लावता डॉक्टरांना दाखवा.

लग्नसराईत पार्लरवाले ब्रायडल पॅकेज गळ्यात मारतात. त्यातलं क्लीन-अप घ्यायचंच तर हळदीच्या किमान पंधरा दिवस आधी, आणि ते आयुष्यातलं पहिलंच असेल तर महिनाभर आधी. एखादी जागा सुजली, काळी पडली तर निवळायला वेळ मिळतो. आदल्या दिवशी फक्त भुवया करून घ्या, आणि केसांच्या रंगाची चाचणी कानामागे लावून 48 तास झाले आहेत ना हे विचारा. रंगातल्या पीपीडी या रसायनाने पापण्या सुजल्या तर त्या दिवसभरात उतरत नाहीत.